दिवाळी ते शिमगा

कोकणात गाडी खराब होते ती बाहेरून, असं सगळेच धरून चालतात. पत्र्याची खालची कड, सायलेन्सर, दाराच्या बिजागऱ्या यांच्यावर लोकांचा डोळा असतो. आतलं कोण बघतंय? मग चतुर्थी तोंडावर आली की मांगरातली गाडी काढायची वेळ येते. दार उघडल्याबरोबर आंबूस वास येतो, स्टिअरिंगवर राखाडी बुरशीची लव दिसते, आणि एसीचं बटण फिरवावं तर बोटाला काळा चिकटा लागतो. साबणाने दोनदा हात धुतले तरी तो नखांच्या कडांना राहतोच.

हा चिकटा म्हणजे मळ नाही. मळ समजून लोक तो ओल्या फडक्याने पुसत बसतात, आणि तिथूनच काम बिघडतं. बऱ्याच गाड्यांत बटणं, दाराच्या हँडलाची खाच, म्युझिक सिस्टिमभोवतीची चौकट अशा ठिकाणी कडक प्लॅस्टिकवर एक मऊ, रबरासारखा थर फवारलेला असतो. शोरूममध्ये हात लावला की मखमल वाटावी म्हणून. तो पॉलियुरेथेनचा असतो. त्याच्या काही प्रकारांत रेणूंची साखळी एस्टर नावाच्या जोडांनी बांधलेली असते, आणि हे जोड पाणी सोडवतं. त्यासाठी पाणी सांडावं लागत नाही, हवेतली वाफ पुरते. उष्णता असेल तर आणखी लवकर. हायड्रोलिसिस म्हणतात ते हेच. कपाटात दोन पावसाळे राहिलेला बूट घालून अंगणात उतरावं आणि तळव्याचा भुगा मागे पडत जावा, त्यातलाच हा प्रकार. बुटाचा तळवा फेसाळ असतो म्हणून त्याचा भुगा होतो; गाडीतला थर पातळ असतो म्हणून त्याची काकवी होते. घाटावर जी बटणं कोरडी राहतात ती इथे आधी ओघळू लागतात. वापरामुळे झिजली म्हणून हातांना दोष देण्यात अर्थ नाही. कोकणातली गाडी आतून झिजवते ती हवा.

हे एकदा पटलं की कामाचा क्रमच बदलतो. रंग शेवटी येतो, आणि तोही थोडा. त्याआधी काढणं, धुणं, सुकवणं आणि थांबणं. गणपतीच्या शाळेत ओल्या मातीवर कोणी रंगाचा हात मारत नाही. श्रावणात ऊन नसेल तर मूर्ती सुकण्याची वाट बघतात, नाहीतर रंग पापुद्र्यासारखा सुटतो. गाडीच्या आतल्या कामालाही तोच नियम. त्याचा हंगाम दिवाळी ते शिमगा. पावसाळ्यात काढायचं असेल ते खुशाल काढावं, पण काही लावू नये.

चिकट थर काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. केमिकलच्या किंवा इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात ९९ टक्क्यांचं मिळतं, ते घ्यावं. औषधांच्या दुकानातलं ७० टक्क्यांचंही चालतं, पण वेळ जास्त लागतो आणि त्यातलं पाणी स्विचच्या फटीत उतरतं. लहान गाडीची मधली चौकट आणि चार दारांचे काचा वर-खाली करायचे स्विच एवढ्याला पाव लिटर पुरतं. फडकी मात्र दहा-बारा हवीत, जुन्या बनियनची. मायक्रोफायबरचं चांगलं फडकं यात घालवू नये, ते परत धुवून निघत नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी, चारही दारं उघडी टाकावीत, आणि आसपास विडी-काडी नको, कारण ही वाफ पेट घेते.

भिजवलेलं फडकं जागेवर दोन-तीन मिनिटं नुसतं ठेवावं आणि मग घासावं. पहिल्या फेरीत सगळं लडबडतं, आधीपेक्षा वाईट दिसतं. बहुतेक लोक इथेच हात टेकतात, किंवा वैतागून थिनर आणतात. थिनर आणि ॲसिटोन खालचं प्लॅस्टिकच विरघळवतात. एबीएस नावाचं कडक प्लॅस्टिक असेल तर मिनिटभरात त्यावर बोटाचा ठसा उमटतो. अल्कोहोलच वापरत राहावं आणि फडक्याची बाजू सारखी बदलावी, कारण मळकी बाजू निघालेला चिकटा परत थापते. तिसऱ्या-चौथ्या फेरीला फडकं हाताखाली सरकायचं थांबून करकरायला लागतं. तो आवाज आला की खालचं प्लॅस्टिक लागलं. कोपऱ्यांसाठी माडाचा हीर, म्हणजे झावळीच्या पातीतली काडी, घ्यावा, टोकाला सुती चिंधी घट्ट गुंडाळावी. एसीच्या जाळीत आणि बटणांमधल्या फटीत हिरासारखं दुसरं काही जात नाही. तो वाकतो, पण ओरखडा काढत नाही.

इथे दोन ठिकाणी फसगत होते. रात्री उजळणाऱ्या बटणांवरची चिन्हं पुष्कळदा छापलेली नसतात. खाली पांढरं, उजेड झिरपणारं प्लॅस्टिक असतं, त्यावर काळा थर, आणि लेझरने त्या काळ्या थरात चिन्ह कोरलेलं. काळा थर पूर्ण निघाला तर चिन्ह जातंच, वर रात्री अख्खं बटण कंदिलासारखं पेटतं. अशा बटणांवर ओलसर फडकं एकदाच, हलकं फिरवावं आणि चिकटपणा कमी झाला की हात आवरता घ्यावा. दुसरी जागा म्हणजे स्पीडोमीटरवरची पारदर्शक काच. ती काच नसते, बहुधा ॲक्रिलिक असतं. अल्कोहोल लागलं की त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात, आणि त्या लगेच दिसतीलच असं नाही. काम सुरू करण्याआधी तिच्यावर प्लॅस्टिकची पिशवी टेपने लावून टाकावी.

चिकट बटणांवर टाल्कम पावडर लावायचा उपाय सगळीकडे सांगतात. आठवडाभर चालतो. मग पावडर आणि चिकटा यांचं मिळून करड्या रंगाचं पीठ होतं आणि तेच फटींत बसतं. खोबरेल तेलाचंही तसंच. लावल्या दिवशी डॅशबोर्ड काळाभोर दिसतो, पण तेल तांबडी धूळ धरतं आणि ओल आली की बुरशीलाही आसरा देतं.

थर निघाल्यावर खाली जे उघडं प्लॅस्टिक दिसतं ते बहुतेक वेळा तसंच ठेवलेलं बरं, असं माझं मत आहे. काळं, किंचित चमकदार, पुसायला सोपं. रंगवण्याची हौस असते, पण जो थर पुन्हा कधी चिकट होणार नाही तो म्हणजे न लावलेला थर. खाली वेगळाच रंग निघाला किंवा खोल ओरखडे असले, तरच पुढे जावं.

पुढे जायचं तर सुटा भाग काढून बाहेर घ्यावा. क्लिपांवर बसवलेली पट्टी लोखंडी स्क्रू-ड्रायव्हरने उचकली की कडेला खोक पडते आणि ती झाकत नाही. चिव्याची, म्हणजे बांबूची, चपटी पाचर तासून घ्यावी, कड घासून गुळगुळीत करावी, क्लिपेच्या अगदी जवळ घालावी आणि सरळ बाहेर ओढावं. जुन्या क्लिपा तुटतातच. त्याच मापाच्या आठ-दहा आधी आणून ठेवाव्यात. भाग हातात आला की उलटा करून बघावा. मागे कुठेतरी बारीक उठावात ‘पीपी’, ‘एबीएस’ किंवा ‘पीपी’पुढे आणखी अक्षरं असं रोमन लिपीत कोरलेलं असतं. सगळा पुढचा हिशोब त्या अक्षरांवर. एबीएसवर रंग बसतो. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. त्याच्यावर साधा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला हात, धरत नाही, नखाने सोलला जातो, म्हणून आधी प्लॅस्टिकसाठीचा चिकटवणारा पारदर्शक हात लागतो, आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेतच त्यावर रंग पडायला हवा. पाण्यात तरंगलं तर पीपी, बुडलं तर एबीएस, अशी एक परीक्षा सांगितली जाते. गाडीच्या कामाला ती भरवशाची नाही. गाडीतल्या पीपीत पुष्कळदा टाल्क मिसळलेलं असतं आणि ते बुडू शकतं.

मग धुणं. रंग बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे आधी कधीतरी मारलेलं डॅशबोर्डचं चकाकणारं पॉलिश. त्यातलं सिलिकॉन डोळ्यांना दिसत नाही, पण रंग पडला की तो जागोजाग मागे सरकतो आणि माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. त्यावर दुसरा हात मारून खड्डा भरत नाही, तो तिथेच राहतो. भांडी धुवायच्या साबणाच्या पाण्याने दोनदा घासून धुवावं, सुकवून अल्कोहोलने पुसावं आणि मग स्वच्छ पाणी ओतून बघावं. पाणी सगळीकडे सारखं पसरलं तर ठीक. अळवाच्या पानावरच्यासारखे थेंब धरले तर अजून तेलकट आहे, पुन्हा धुवावं.

गुळगुळीत भाग असेल तर ६०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवून हलका फिरवावा; ओरखडा खोल असेल तर आधी ३२०, मग खड्डा भरायची लांबी (पुटी), मग ६००. पण ज्या प्लॅस्टिकवर चामड्यासारखी नक्षी आहे तिथे पेपर लावूच नये. नक्षी एकदा घासली की परत येत नाही. रंग कितीही जुळला तरी तो गुळगुळीत डाग पहिला नजरेत भरतो. तिथे बारीक राखाडी घासणी पुरे. स्वयंपाकघरातली हिरवी घासणी त्या मानाने फार खरबरीत.

रंगासाठी हवेची वेळ बघावी लागते. थंडीत सकाळी दहिवर असतं, प्लॅस्टिक हाताला गार लागतं. नऊ-साडेनऊपर्यंत ते उन्हात गरम होऊ द्यावं. रात्रीची मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारं वारं, थांबून दुपारचं खारं वारं सुटेपर्यंतचे दोन तास सगळ्यात चांगले. हवेतली आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल मीटर स्वस्तात मिळतो. आकडा ७०च्या खाली असेल तर रंगवावं, ८५च्या वर गेला तर डबा उघडूच नये. याचं कारण साधं आहे. रंगातला थिनर उडताना पृष्ठभागाची उष्णता ओढून घेतो, तो गार पडतो, आणि दमट हवेतली वाफ त्यावर दवासारखी बसते. ओला रंग ती आत धरतो आणि सगळं दुधाळ पांढुरकं दिसतं. झालंच तर पुसू नये. दोन दिवस सुकू द्यावं आणि कोरड्या दिवशी एक हलका हात मारावा, बहुधा निघतं.

स्प्रेचा डबा दहा मिनिटं कोमट पाण्यात उभा ठेवावा. कोमटच, गरम पाण्यात ठेवला तर फुटण्याची भीती. आतली गोळी वाजायला लागल्यापासून दोन मिनिटं हलवावा. अंतर २० ते २५ सेंटिमीटर. फवारा वस्तूच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवावा, म्हणजे कडेला रंगाचा गोळा साचत नाही. तीन पातळ हात, दोघांत दहा-पंधरा मिनिटं. पहिल्या हातानंतर खालचं दिसलंच पाहिजे. दिसत नसेल तर जाड झालाय आणि तो ओघळणार. शेवटी मॅट लॅकरचे, म्हणजे बिनचमकीच्या पारदर्शक वार्निशचे, दोन हात. चकचकीत लॅकर गाडीच्या आत वापरू नये, दुपारच्या उन्हात डोळ्यांवर येतं.

स्टिअरिंगचं प्रकरण वेगळं, आणि गाडी आतून जुनी वाटते ती याच्यामुळेच. आपल्याकडे डावा हात सारखा गिअरवर जातो, म्हणून चाकाची उजवी वरची बाजू आधी उजळते. परशुराम घाट, भोस्ते घाट, आंबा घाट हे ज्यांच्या रोजच्या वाटेवर आहेत त्यांच्या चाकावर हे स्पष्ट दिसतं. पण चामड्याचं चाक चकाकतं म्हणजे चामडं झिजलं असं नाही. चकाकतो तो हाताचा घाम आणि तेल. मूळ चामडं मॅट असतं. जुन्या मऊ टूथब्रशने सौम्य साबणाचा फक्त फेस चोळावा आणि लगेच ओल्या फडक्याने उचलावा. असं चार वेळा केलं की निम्मी ‘झिजलेली’ चाकं बरी निघतात आणि पुढचं काहीच करावं लागत नाही.

खरोखर झिजलं असेल तर गेलेलं असतं ते चामड्यावरचं रंगाचं पातळ कवच. एक दिवस सुकवून फक्त झिजलेल्या भागावर अल्कोहोलचं फडकं दोनदा फिरवावं. ६०० आणि मग १००० नंबरचा पेपर कोरडाच, बोटांनी, अगदी हलका, उठलेली लव बसण्यापुरता. भेगा असतील तर चामड्याची पुटी जुन्या एटीएम कार्डाने, कागदाइतकी पातळ, तीन-चार वेळा. प्रत्येक वेळी अर्धा तास सुकू द्यावी. एकदाच जाड भरली की वर कातडी धरते, आत ओली राहते आणि हातांच्या उबेने महिन्याभरात उकलते. मग पाण्यात मिसळणारा चामड्याचा रंग. एका चाकाला ३० ते ५० मिली भरपूर. स्पंजाच्या तुकड्याने टिपत जावं, ओढू नये. पहिला हात ठिपकेदार आणि केविलवाणा दिसतो, त्याने घाबरून जाड लावू नये. पाच-सहा हात, मधे लांबून हेअर ड्रायर. शेवटी मॅट टॉपकोट. त्यात हार्डनर, म्हणजे थर कडक करणारं द्रव, मिसळायचा असेल तर बाटलीवरच्या मापानेच, अंदाजाने नाही. एक दिवस हात लावू नये आणि आठवडाभर ओलं फडकं लावू नये.

काळा म्हणजे काळा असंही नसतं. एक निळसर असतो, एक तपकिरी. आधी चाकाच्या मागच्या बाजूला बोटभर लावून, सुकल्यावर उन्हात बघावा. रंग सोलून निघाला तर बाटलीला दोष देऊ नये. बहुतेक वेळा खाली तेल राहिलेलं असतं.

चाक चामड्याचं नसून फोमचं असेल आणि चिकट झालं असेल, तर रंगाचा विचार सोडावा. तिथे झीज वरवरची नसते, आतपर्यंत गेलेली असते. शिवून बसवायचं कव्हर घ्यावं. चाकाचा बाहेरचा व्यास मोजावा, लहान गाड्यांत तो साधारण ३६ ते ३८ सेंटिमीटर भरतो, आणि दोरा गुंडाळून कडीचा घेरही मोजावा. कव्हर घेरापेक्षा थोडं लहानच हवं, शिवताना तीन-चार मिलिमीटर ओढून बसलं पाहिजे. आधी तासभर उन्हात ठेवलं की ताणतं. नुसतं सरकवून घालायचं कव्हर पावसाळ्यात ओल्या हातात चाकावर फिरतं. घाटात ते फिरलं तर काय, हे सांगायला नको. आणि मधल्या एअरबॅगच्या झाकणाला हात लावायचा नाही, ते उघडायचं नाही, रंगवायचंही नाही. चाक गाडीतच ठेवून मधला भाग मास्किंग टेप आणि वर्तमानपत्राने झाकला की काम होतं.

छताचं कापड लोंबायला लागलं की लोक टाचण्या मारतात. टाचण्या दोन महिन्यांत गंजतात आणि कापडावर तांबूस ठिपके उतरतात. वरून गोंद टोचूनही उपयोग नाही, कारण कापड गोंदापासून सुटलेलं नसतं. कापडामागचा फोमच विरलेला असतो, आणि विरलेल्याला चिकटवून काय चिकटणार? हँडलं, सनव्हायझर, दिवा, खांबांवरच्या पट्ट्या काढून छताचा अख्खा पुठ्ठा मागच्या दारातून बाहेर काढावा लागतो. दोन माणसं हवीतच. तो मधे वाकला की कायमची घडी पडते. एअरबॅग छताच्या कडेला किंवा खांबांत असेल तर हे काम कुशनवाल्याकडेच द्यावं. जुना फोम नायलॉनच्या ब्रशने कोरडाच झाडावा, नाकाला मास्क लावून. तो नारिंगी भुगा दिवसभर घशात राहतो. नवीन कापड फोम लावलेलंच, ३ मिलिमीटरचं. लहान गाडीला साधारण दोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद, पण पुठ्ठा मोजूनच घ्यावं.

गोंद उष्णता सोसणारा कॉन्टॅक्ट प्रकारचा हवा. पांढरा सुताराचा गोंद छताखालच्या गरमीत नरमतो. दोन्ही बाजूंना लावून बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही इतका सुकू द्यावा. दमट दिवशी या गोंदावरही दव बसतं, वरून सुकल्यासारखा दिसतो आणि चैत्राच्या उन्हात सगळं पुन्हा खाली येतं. कापड अर्धं दुमडून मध्यापासून कडांकडे हाताच्या पंज्याने बसवत न्यावं. एकदा टेकलं की उचलता येत नाही.

सीटचं रेक्झीन फाटलं तर फेविक्विक नको. ते दगडासारखं कडक होतं आणि त्याच्याच कडेने नवीन चीर जाते. चिरेतून आत जुन्या जीन्सचा तुकडा सरकवावा, तो चारही बाजूंनी दोन सेंटिमीटर मोठा असावा, आणि लवचीक गोंदाने कडा त्यावर बसवाव्यात. जिथे रेक्झीन कडक होऊन तडकलंय तिथे मात्र कापडही वाचवत नाही, त्यातला मऊपणा देणारा तेलकट भागच उडून गेलेला असतो. तिथे कव्हर शिवून घ्यावं, आणि सीटच्या कडेला एअरबॅगचं लेबल असेल तर तिथे शिवण सुटू शकेल असंच कव्हर मागावं.

तडकलेल्या डॅशबोर्डला मी हात लावू नका असंच सांगेन. दुपारी तापतो, रात्री आकसतो, आणि भरलेली भेग तिसऱ्या आठवड्यात शेजारून उघडते. डिकीच्या कडेला आंब्याच्या पेट्या ओढून पडलेले चरे तसेच राहू द्यावेत. पुढच्या हंगामात पेट्या तिथूनच ओढल्या जाणार आहेत.

मे संपता संपता एकदा पायाखालचे गालिचे उचलून बघावे लागतात. रबराखाली कापड, कापडाखाली जाड नमदा, आणि तो ओल धरून बसतो. वरून कोरडं लागतं, खाली मूठ दाबली की पाणी येतं. वास तिथून येतो, बुरशीही तिथूनच चढते. नमदा बाहेर काढून दोन उन्हं दाखवावीत. मग इंजिन सुरू करून एसी दहा मिनिटं चालवावा आणि गाडीखाली वाकून बघावं. थेंब पडत असतील तर नळी मोकळी आहे. खाली जमीन कोरडी राहिली, तर ते पाणी आत, डाव्या बाजूच्या गालिच्याखाली साचतंय.